सासू बाहेर

प्रियदर्शनीने सलाईनची बाटली तिरकी केली आणि श्रद्धाच्या छातीवरच्या पट्टीवर बारीक धार सोडली. भाजल्यावरची पट्टी ओढायची नसते, भिजवायची असते. नीट भिजली की ती स्वतःहून सुटते. श्रद्धा छताकडे बघत ओठ घट्ट मिटून पडली होती. तिच्या पायाशी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी होती. उजवा हात पदराखाली, डाव्या हातात पाण्याची बाटली. जावं की थांबावं, असा चेहरा.

"सासू बाहेर," प्रियदर्शनी मान वर न करता म्हणाली.

"डाक्टरीनबाई, मी इथंच कोपऱ्यात राहते उभी. बोलत नाही काही."

"बाहेर म्हटलं ना मावशी. ड्रेसिंगच्या वेळी कुणी थांबत नाही इथं. तुमचा मुलगा बसलाय बाकड्यावर, त्याच्याजवळ बसा जाऊन."

दुर्गाबाईंनी सुनेकडे पाहिलं, सुनेने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग त्या गेल्या. विमलाबाईंनी दोन खाटांच्या त्या खोलीचं दार लावून कडी घातली. विमलाबाई जळीत वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर. निवृत्तीला आलेल्या, त्यामुळे कुणाच्या बापाला न भिणाऱ्या.

"मॅडम, एक पाटीच लावून टाकू का दारावर? 'चपला बाहेर काढाव्यात' आहेच. त्याच्याखाली 'सासू बाहेर काढावी'. आपल्या पुण्यात कुणाला नवल वाटणार नाही."

"लावा."

"स्वतःच्या सासूबाईंचा डबा मात्र कात्रजहून रोज आत येतो हो."

"डबा येतो, त्या येत नाहीत," प्रियदर्शनी म्हणाली, आणि श्रद्धाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू असेल, नसेलही. पण प्रियदर्शनीला तेवढंही पुरलं. गेले काही दिवस ती या मुलीला बोलतं करायला जिवाचा आटापिटा करत होती.

डॉ. प्रियदर्शनी रणपिसे प्लास्टिक सर्जन होती आणि या वॉर्डात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. स्टोव्ह भडकला, पदर पेटला, कढई कलंडली, देवापुढचा दिवा पडला. तिने इतक्या कहाण्या ऐकल्या होत्या की दुसऱ्या वाक्याला पाणी कुठं मुरतंय ते तिला कळायचं. आणि त्या कहाण्या बहुतेक वेळा पेशंटच्या आधी सासूच सांगायची. पेशंट बोलायला लागली की खाटेशी उभी राहून डोळे वटारायची, वाक्य अर्ध्यावर तोडायची, मध्येच पदर डोळ्यांना लावून रडायची. म्हणून प्रियदर्शनीने नियमच करून टाकला होता. आधी सासू बाहेर, मग पट्टी, मग गप्पा. या नियमाने आजवर तीन-चार मुली बोलत्या झाल्या होत्या, आणि प्रियदर्शनीला त्याचा अभिमान होता. का नसावा?

पट्टी सुटली. प्रियदर्शनीने दिवा जवळ ओढला.

घरच्यांचं म्हणणं असं की आंघोळीच्या पाण्याचं पातेलं मोरीकडे नेताना श्रद्धाचा पाय घसरला. वाघोलीतली भाड्याची दोन खोल्यांची जागा, गिझर नाही, पाणी गॅसवर तापवायचं. सगळं खरं वाटण्यासारखं होतं. फक्त पाय घसरला की पातेल्यातलं पाणी जातं पोटावर, मांड्यांवर, पायांवर. श्रद्धाच्या पायांवर टिकलीएवढाही फोड नव्हता. भाजलं होतं ते छातीवर, डाव्या खांद्यावर आणि दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला. हातांची आतली बाजू कोरी. कोपराच्या घडीतली कातडी जशीच्या तशी. म्हणजे पाणी आलं तेव्हा हात दुमडून चेहऱ्यासमोर धरलेले होते. पातेलं नेणारी बाई चेहऱ्यासमोर हात कशाला धरेल? पाणी समोरून आलं होतं, आणि कुणीतरी फेकलं होतं. ते प्रियदर्शनीला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

एक गोष्ट मात्र तिला कळली नव्हती. हनुवटीखालपासून गळ्याच्या हाडापर्यंत आडवा, चांगला तळहाताएवढा रुंद पट्टा अगदी कोरा होता. वर गालावर शिंतोडे, खाली छाती सोललेली, आणि मधला गळा शाबूत. पाण्याला असं मध्येच जागा सोडून पडायची सवय नसते. पण गळा वाचला होता हे इतकं मोठं नशीब होतं की प्रियदर्शनीने त्याच्या मागे फार डोकं लावलं नव्हतं. गळा भाजला की कातडी आखडते, हनुवटी छातीकडे ओढली जाते, मान वर होईनाशी होते. त्या दुखण्याच्या मुली तिने पाहिल्या होत्या.

"छान भरतंय गं," ती औषध लावता लावता म्हणाली. "छातीवर एका ठिकाणी कदाचित कातडी लावावी लागेल. बाकी आपसूक येईल."

"हो, मॅडम."

"श्रद्धा, दार बंद आहे. सासू बाहेर आहे तुझी. इथं मी आणि सिस्टर. काय झालं होतं?"

श्रद्धाची नजर दाराकडे गेली. रोज जायची. दारावर नजर ठेवूनच ती रोजचं वाक्य बोलली.

"पाय घसरला, मॅडम."

दाखल केलं त्या दिवशी पोलिसांनी विचारलं तेव्हाही ती हेच म्हणाली होती. बाई शुद्धीवर आहे, स्वतःच्या तोंडाने सांगतेय, मग ते तरी दुसरं काय लिहिणार? प्रियदर्शनीने रुग्णालयाच्या चौकीतल्या बाई उपनिरीक्षकांना आपली शंका सांगून ठेवली होती. त्या म्हणाल्या होत्या, "मॅडम, तिने एक शब्द जरी काढला तरी हातातलं टाकून येते. पण शब्द तिचा हवा." तो शब्द काही निघत नव्हता.

प्रियदर्शनीला चीड आली. श्रद्धाची नव्हे, दाराबाहेरच्या बाईची. भिंतीपलीकडे असून जी सुनेच्या तोंडाला कुलूप घालते ती सासू घरात काय करत असेल! तिने नवी पट्टी गुंडाळली, हात धुतले आणि केबिनमध्ये आली, तर खुर्चीच्या मागे योगेश उभा. श्रद्धाचा नवरा. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, आवाजात मार्दव. वॉर्डात सगळ्यांना तो आवडायचा. दिवसभर आईला घेऊन बाकड्यावर बसून असायचा, बायकोसाठी शहाळी आणायचा, सिस्टरना 'थँक यू' म्हणायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं आयाबाई परवाच म्हणाल्या होत्या.

"मॅडम, ॲक्च्युअली डिस्चार्जचं बोलायचं होतं. आज घेऊन जातो तिला. गावी."

"आज? अहो, जखम ओली आहे अजून. कातडी लावायची वेळ येऊ शकते."

"ते गावी, कारंज्याला बघू ना. तिथं आमचे डॉक्टर आहेत ओळखीचे. इथं कसं, माझी नोकरी, आईची धावपळ... केअर नीट होत नाही. गाडी सांगितलीय, दुपारी येईल. आमच्या रिस्कवर नेतो, सही देतो मी."

"सही तिची लागेल."

"ती देईल ना," योगेश सहज म्हणाला. "विचारा हवं तर."

तो जाता जाता थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मॅडम, आईला तुम्ही आत घेत नाही ते बरंच करता. ती जरा जुन्या वळणाची आहे. उगीच श्रद्धाला काहीबाही बोलते. तिला अशीच बाहेर ठेवा."

प्रियदर्शनीला ते ऐकून बरं वाटलं. आपला अंदाज घरातल्या माणसानेच खरा ठरवला म्हटल्यावर कुणाला बरं वाटत नाही? ती मनात म्हणाली, निदान याला तरी आईचे गुण ठाऊक आहेत.

तिने परत वॉर्डात जाऊन श्रद्धाला विचारलं. "गावी जायचंय तुला?"

"जाते, मॅडम."

"का?"

"हे म्हणतात तर... जाते."

एवढं बोलून तिने मान भिंतीकडे वळवली. प्रियदर्शनीने कपाळावर हात मारला. सज्ञान बाई जाते म्हणाली की तिला खाटेला बांधून ठेवता येत नाही. दुपारी गाडी येणार, ही मुलगी ओल्या जखमेसकट इतक्या लांबच्या वाटेला लागणार, आणि तिकडे कुठल्याशा घरात ज्या हाताने पाणी फेकलं तोच हात तिच्या पट्ट्या बदलणार. पुढच्या वेळी पाणीच असेल कशावरून? "राऊंड झाल्याशिवाय कुणालाही सोडायचं नाही," असं विमलाबाईंना बजावून ती बाहेर पडली. राऊंड ती जितका लांबवता येईल तितका लांबवणार होती. त्याहून जास्त तिच्या हातात काही नव्हतं.

बाकडं रिकामं होतं. योगेश गाडीवाल्याला गाठायला खाली गेला असावा. दुर्गाबाई पाण्याच्या फिल्टरपाशी उभ्या होत्या. त्यांनी बाटली दोन गुडघ्यांत धरली होती आणि डाव्या हाताने तिचं झाकण फिरवत होत्या. झाकण आडवं बसत होतं. त्या पुन्हा काढत होत्या, पुन्हा फिरवत होत्या.

प्रियदर्शनी जागीच उभी राहिली. इतके दिवस ही बाई समोर येत होती आणि इतके दिवस तिचा उजवा हात पदराखाली होता. लाज म्हणून, रीत म्हणून, असंच तिने धरलं होतं. आता पदर थोडा सरकला होता आणि खालून जुन्या सुती लुगड्याची चिंधी दिसत होती. चिंधीच्या कडेला पिवळट डाग होता, सुकून कडक झालेला. तो डाग कसला ते प्रियदर्शनीला झोपेतही ओळखता आलं असतं.

"मावशी, हाताला काय झालं?"

दुर्गाबाई दचकल्या. बाटली खाली पडून घरंगळत गेली. "काही नाही बाई. मुरगळला."

"मुरगळल्यावर पाणी गळत नाही. दाखवा."

"राहू द्या ना. तो येईल आता."

'तो' कोण, कशाला येईल, हे प्रियदर्शनीच्या कानांवरून गेलं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख झाली होती. पाणी फेकताना फेकणाऱ्याच्याही हातावर सांडतं. सापडली! तिने दुर्गाबाईंचा दंड धरला आणि त्यांना जवळजवळ ओढतच आत नेलं. स्वतःचा नियम स्वतःच मोडत आपण सासूला सुनेच्या खाटेशी नेतोय, हेसुद्धा तिला जाणवलं नाही. श्रद्धाच्या समोर हा हात उघडायचा, म्हणजे तिचीही भीड मोडेल, एवढंच मनात होतं.

"दार लावा, सिस्टर. बसा मावशी इथं. बसा म्हणते ना!"

तिने चिंधीवर सलाईन ओतलं. रागाने तिचा हात जरा जोरात चालला होता. दुर्गाबाईंनी श्वास आत ओढला, पण आवाज केला नाही. ओरडली ती श्रद्धा.

"हळू, मॅडम! अहो हळू करा ना! त्यांना कुणी साधं औषधसुद्धा लावलेलं नाहीये!"

प्रियदर्शनीने वर पाहिलं. श्रद्धा एका कोपरावर उठून बसायला धडपडत होती. दाखल झाल्यापासून पहिल्यांदाच ती ठरलेल्या वाक्याशिवाय दुसरं काही बोलली होती. आणि ते सासूसाठी.

प्रियदर्शनीचा हात आपोआप हलका झाला. चिंधी भिजली, सुटली. तिने तो हात दिव्याखाली घेतला. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत बाहेरची सगळी बाजू सोललेली होती, मध्ये एका ठिकाणी चिघळलेली. तिने हात उलटा केला. तळवा कोरा. मनगटाची आतली बाजू कोरी. तिने हात पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला. पाणी फेकणाऱ्याच्या हातावर ओघळ येतात, शिंतोडे येतात. असं एका बाजूने सलग भाजत नाही. असं भाजतं ते कशाच्या तरी पुढे आडवा हात घालणाऱ्याचं.

"कुठं उभ्या होत्या तुम्ही?" तिने विचारलं.

दुर्गाबाई उठल्या, खाटेच्या डाव्या अंगाला गेल्या आणि त्यांनी उजवा हात श्रद्धाच्या हनुवटीखालून आडवा धरला, न टेकवता. गळ्यावरच्या कोऱ्या पट्ट्यावर तो हात बरोबर बसत होता. एका टोकाला कोपर, दुसऱ्या टोकाला मनगट, कुठंही बोटभर कमी-जास्त नाही.

"अगं बाई गं!" विमलाबाई म्हणाल्या आणि तोंडावर हात ठेवून भिंतीला टेकल्या.

"अंघोयीचं पानी कोमट हाये म्हणून खेकसला," दुर्गाबाई हात तसाच धरून बोलू लागल्या. "हिनं गंज पुन्हा ठेवला गॅसवर." गंज म्हणजे त्यांच्याकडचं पातेलं. "चांगलं उकयलं पानी. तर म्हणते कसा, 'आता पाहू दे तुलेच, तापलं का!' अन् फडक्यानं धरून उचलला गंज. म्या पाह्यलं त्याच्या डोयाकडे अन् धावली. मले वाटलं हात धरावा त्याचा. तेवढी सवड भेटली नाही. हिच्या गयाशी हात घातला फक्त."

"आणि नंतर गार पाणी कुणी ओतलं हिच्या अंगावर?" प्रियदर्शनीने विचारलं. दाखल झाली तेव्हा जखमा स्वच्छ होत्या. हळद नाही, टूथपेस्ट नाही. योगेश म्हणाला होता, मीच नळाखाली धरलं.

"आईंनी," श्रद्धा म्हणाली. "नळाखाली बसवून घेतलं मला. स्वतःचा हात नाही धरला नळाखाली. मी ओरडत होते, आई, तुमचा पण हात... तर म्हणे, तू गप बस."

"गावाकडं नर्सबाई येत जाय आमच्या. तिनं सांगतलं होतं, भाजलं तर पानीच टाका, दुसरं काही लावू नका," दुर्गाबाई म्हणाल्या. जणू त्यातच काय ती नवलाची गोष्ट होती.

प्रियदर्शनी स्टुलावर बसली. "मग मला का नाही सांगितलं गं? रोज विचारत होते. सासूला बाहेर काढून, दार लावून विचारत होते."

श्रद्धा रडायला लागली होती. रडता रडता ती बोलली, आणि ते वाक्य प्रियदर्शनी जन्मात विसरणार नव्हती.

"तुम्ही दार लावायचात मॅडम, आणि या बाहेर त्याच्याजवळ असायच्या. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं होतं मला. आत काही बोललीस तर लक्षात ठेव, आई बाहेर माझ्यापाशी आहे."

प्रियदर्शनीच्या डोळ्यांसमोर रोजची सकाळ आली. ही बाई कोपऱ्यात उभी राहू द्या म्हणून विनवायची, आणि ती रोज स्वतःच्या तोंडाने म्हणायची, मुलाजवळ बसा जाऊन. पोरीची जीभ ज्याच्या मुठीत होती, त्याच्या शेजारी ती रोज या बाईला ओलीस नेऊन बसवत होती. आणि वर तोच सांगून गेला, अशीच बाहेर ठेवा! लाजेने तिचे कान तापले. पण त्या लाजेच्या आतून दुसरंही काहीतरी वर येत होतं, आणि ते लाजेपेक्षा मोठं होतं. पोरगी बोलली होती. बोलली होती! आणि दोघी आत होत्या.

"तुम्ही तरी बोलायचं ना, मावशी."

"काय बोलू? तो हालतच नव्हता माया जवयून. अन् तुम्ही मले दिसले की भाईर काढा." दुर्गाबाईंच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुमचं बी बराबर होतं म्हणा. सासवा असतेतच तशा. मले बी होती एक."

विमलाबाईंना त्या परिस्थितीतही हसू फुटलं. मग श्रद्धालाही फुटलं, रडता रडताच, आणि छाती दुखून तिने "आई गं" म्हणून पट्टीवर हात ठेवला. प्रियदर्शनी हसली नाही. तिने पुढे होऊन दुर्गाबाईंचा भाजलेला हात दोन्ही हातांत अलगद घेतला आणि म्हणाली, "मावशी, चुकलं माझं." एवढं एकच वाक्य. मग तिने फोन उचलून खालच्या चौकीला लावला.

दारावर टकटक झाली.

"मॅडम? गाडी आलीय. आणि आई कुठं दिसत नाहीये माझी."

दुर्गाबाई नकळत खाटेच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. विमलाबाईंनी साडीच्या निऱ्या नीट केल्या, दार चार बोटं उघडलं आणि त्या फटीत आपलं सगळं शरीर उभं केलं.

"ड्रेसिंग चालू आहे. नातेवाईकांनी बाहेर थांबावं."

"पण आई आत आहे का?"

"आहेत ना. त्यांचंही ड्रेसिंग चालू आहे."

मग योगेश म्हणाला, "सिस्टर, दार उघडा." आवाजातलं मार्दव साफ गेलं होतं.

"उघडेन की. घाई काय आहे? बसा बाकड्यावर, शहाळं प्या," विमलाबाई म्हणाल्या आणि कडी घातली. मग पाठीने दार दाबून उभ्या राहिल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

दार दोनदा जोरात हादरलं. श्रद्धाने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज आला, आणि बाई उपनिरीक्षक विचारत होत्या, "योगेश आपणच का? जरा इकडे या. नाही, आधी इकडे या." तो इंग्रजीत काहीतरी बोलला, 'फॅमिली मॅटर' वगैरे. मग मराठीत बोलला. मग बोलेनासा झाला. बुटांचे आवाज खाली गेले. प्रियदर्शनीचा जीव भांड्यात पडला. तिने विमलाबाईंकडे पाहिलं, तर त्या दाराला पाठ लावून खाली जमिनीवर बसल्या होत्या आणि पदराने मान पुसत होत्या.

"मॅडम, मला निवृत्तीच्या आधी मारता का काय!"

जबाब तिथेच झाले. आधी श्रद्धाचा. ती न अडखळता बोलली. याआधीचंही सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं. मग दुर्गाबाईंचा. उपनिरीक्षक बाईंनी त्यांना दोनदा विचारलं, "आजी, मुलगा आहे तुमचा. नीट विचार करून सांगा." दुर्गाबाई म्हणाल्या, "हाव. मायाच पोरगा होय. लिहा तुम्ही." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, गंज कुठं ठेवला होता इथपासून. डाव्या हाताने सही जमेना, तेव्हा अंगठा दिला.

प्रियदर्शनीने त्यांची जखम धुतली, चिघळलेला भाग साफ केला, पट्टी बांधली. हाताला कातडी लावावी लागेल असं दिसत होतं; इतके दिवस चिंधीत राहिल्याचा तो दंड होता. पण बोटं सगळी वळत होती. तिने ती एकेक करून वळवून पाहिली आणि प्रत्येक बोटाला तिला हायसं वाटलं. शेजारची खाट रिकामी होती. तिथं नवी चादर घालायला सांगून ती श्रद्धाकडे वळली.

"मान वर कर बघू. अजून. डावीकडे वळव. उजवीकडे."

श्रद्धाची मान सगळीकडे वळली.

"तुझ्या गळ्याला काही करावं लागणार नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "काही म्हणजे काही नाही. इथं आणखी कितीही दिवस राहा. पुढे कुठं राहायचं ते आपण तिघी मिळून बघू, त्याची व्यवस्था असते. गावाला जायचं नाही ना आता?"

"नाही," श्रद्धा म्हणाली. मग जरा थांबून, स्वतःलाच ऐकवल्यासारखं, पुन्हा म्हणाली, "नाही."

दुपारच्या जेवणाची गाडी आली. वरण, भात, दुधीची भाजी. दोन खाटा, दोन ताटं. श्रद्धा चार घास खाऊन उशीला टेकली. अंगातला सगळा ताण एकदम उतरल्यावर येते तशी गाढ झोप तिला येत होती, पापण्या उघड्या राहत नव्हत्या. दुर्गाबाईंनी डाव्या हाताने भात कालवला, घास केला, आणि तो तोंडाशी नेता नेता थांबल्या.

"डाक्टरीनबाई."

"काय मावशी? दुखतंय?"

"नाही. तिथं खाली... चौकीत. जेवाले देतात का त्याले? सकायपासून चहावरच हाये तो."

विमलाबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या माणसासाठी तिथं कुणाच्याही तोंडी चांगला शब्द नव्हता, आणि या बाईला वाईट शब्द ऐकवायचा धीरही कुणाला नव्हता.

शेजारच्या खाटेवरून, डोळे मिटलेलेच ठेवून, श्रद्धा बोलली.

"देतात, आई. तुम्ही जेवा."

दुर्गाबाईंनी मान हलवली. घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला मोकळा हात नव्हता. पण त्या जेवल्या. सावकाश, ताटातलं सगळं संपेपर्यंत जेवल्या.